रिमोट पॅनलवर बसायच्या आधी हे वाचा

सुरेश भट सभागृहात वगैरे मल्टिकॅमेरा शूटला पहिल्यांदा रिमोट पॅनलवर, म्हणजे दुरून कॅमेऱ्याचा उजेड-रंग सांभाळायच्या नॉब-बटणांच्या डब्यावर, बसणार असाल ना, तर आधी मेनूत घुसू नका, डिस्प्ले वाचा. कॅमेरा नंबर, आयरिस (लेन्समधून किती उजेड आत येतो), गेन (सिग्नल वाढवून चित्र किती उजळवलंय), शटर (प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड मिळतो), फिल्टर (लेन्समागची उजेड-रंग बदलणारी काच), एवढं एका नजरेत दिसलं पाहिजे. अन् पॅनल ॲक्टिव्हचा लाइट लागलाय का तेही बघा, तो बंद असला की नॉब कितीही फिरवा, कॅमेरा ऐकतच नाही. एका लग्नात मी याच पायी पाच मिनिटं केबल तपासून राहिलो होतो.

मग मेनू. शटर पहिलं, आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून १/५० ठेवा, १/६० राहिलं तर ट्यूबलाइटखाली चित्र फडफडतं.

नंतर ऑटो ब्लॅक (कॅमेरा काळा आपोआप जुळवतो), मग स्टेजचे लाइट लावून पांढरा कागद फ्रेमभर घेऊन ऑटो व्हाइट (तसाच पांढरा जुळवतो), ओके आलं की पुढं जा, एरर आला तर बहुतेक वेळा कागदावर उजेड कमी पडतोय किंवा फिल्टर चुकीचा आहे. सगळ्या कॅमेऱ्यांना कागद तोच अन् जागा तीच, नाहीतर एकाच वक्त्याचा चेहरा एकात पिवळा, दुसऱ्यात निळा.

अंधार वाटला तर आधी आयरिस उघडा, गेन शेवटी. ६ डीबी गेननं एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजळपणा मिळतो पण चित्रात दाणेही येतात.

लाल टॅली, म्हणजे त्या कॅमेऱ्याचं चित्र आत्ता बाहेर जातंय हे सांगणारा दिवा, लागली की मेनूला हात नाही लावायचा, फक्त आयरिस, तोही हळूहळू.