सुई टेकवण्याआधी

एलपीची, म्हणजे मोठ्या रेकॉर्डची, एक बाजू साधारण २० मिनिटांची, आणि संगणकात उतरवायलाही तिला तेवढाच वेळ लागतो. १०० एलपी म्हणजे नुसत्या वाजवण्यातच ६५-७० तास गेले. तेव्हा आधी चळतीतून निवड करा. जे चांगल्या आवाजात सहज मिळतं, त्यापायी सुट्ट्या घालवू नका, मी घालवल्यात.

मग सफाई. धुळीचा कण एकदा 'टक्' होऊन फाइलमध्ये बसला, की सॉफ्टवेअरने तो काढताना तबल्याच्या चाटेची धारही बोथट होऊ शकते. कोरड्या धुळीला कार्बन फायबरचा ब्रश पुरतो. बोटांचे डाग असतील तर डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड घ्या, खाचांच्या दिशेने गोल फिरवा, लेबल भिजू देऊ नका. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या बहुतेक लाखेच्या. त्यांना अल्कोहोल अजिबात नको, लाख विरघळते. त्यांच्या खाचा रुंद, म्हणून सुईही जाड लागते. ती नसेल तर त्या तूर्त बाजूलाच राहू द्या.

सुईवरचा मळ मागून पुढे ब्रश फिरवून काढा. सुईने रेकॉर्डवर किती वजन टाकायचं ते कार्ट्रिजच्या (सुई ज्यात बसते त्या भागाच्या) माहितीपत्रकात दिलेलं असतं, तेवढंच ठेवा. कमी वजनाने रेकॉर्ड वाचते असं अनेकांना वाटतं, पण सैल सुई खाचेत नाचते आणि खाचच खरवडते.

आता जोडणी. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे स्वर चढवलेले असतात. फोनो प्रीअँप ते पूर्ववत करतो. तो टर्नटेबलमध्येच आहे की वेगळा, ते बघा, आणि एकच चालू ठेवा. मी एकदा दोन्ही चालू ठेवून अख्खी दुपार रेकॉर्डिंग केलं. हाती आला तो फाटका, घुमणारा आवाज. सतत 'घूं' ऐकू येत असेल तर बहुधा अर्थची बारीक तार सुटलेली असते.

रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर करा. तासाला साधारण १ जीबी जागा लागते, फ्लॅक (आवाज न बिघडवता फाइल लहान करणारा प्रकार) केल्यावर बरीच कमी. सर्वांत जोरकस जागा आधी वाजवून बघा. सॉफ्टवेअरमधला आवाजाची पातळी दाखवणारा काटा उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. कव्हर आणि लेबलचे फोटो तेव्हाच काढा, नाहीतर महिन्याभराने 'बाजू २' नावाच्या १५ फाइली समोर असतात.

पहिली बाजू झाली की दुसरी लावण्याआधी हेडफोन घाला आणि शेवटचं गाणं ऐका. सुईचा मळ किंवा चुकलेलं वजन लेबलजवळच्या खाचांत आधी कळतं.