तुळशीच्या लग्नापर्यंत फटाके घरात कसे ठेवावेत

वसुबारसेच्या आधी आणलेले फटाके थोडेफार उरतात आणि तुळशीच्या लग्नापर्यंत घरात राहतात. सोय तेवढ्यापुरतीच करा. पुढच्या दिवाळीसाठी राखून ठेवण्याची काटकसर नको, कारण मधे अख्खा पावसाळा असतो.

१. आधी जागा ठरवा. पत्र्याखालचा पोटमाळा दुपारी तापतो, त्यामुळे तो बाद. देवघर, गॅस, इन्व्हर्टर यांच्या आसपासही नको. सोसायट्यांमध्ये खोकं हमखास जिन्याखाली, मीटरपाशी सरकवलं जातं. तिथे आग लागली तर सगळ्यांचीच खाली उतरायची वाट बंद! कोरडं, सावलीतलं, कुलपाचं कपाट निवडा आणि लादीला न टेकणारा कप्पा घ्या.

२. फटाके मूळ पुठ्ठ्याच्या खोक्यातच राहू द्या. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा दिसायला सुरक्षित, पण आत काही पेटलं तर वायू कोंडून डब्याचाच बॉम्ब होतो.

३. टिकल्या वेगळ्या ठेवा, त्या नुसत्या घासण्यानेही पेटतात. काडेपेटी आणि लायटर दुसऱ्या खोलीत.

४. फुलबाज्या, अनार हाताळताना खोक्याच्या तळाशी करडी, चंदेरी भुकटी साठते. ती केरसुणीने झाडू नका, व्हॅक्यूम क्लीनर तर नकोच. ओल्या फडक्याने हलकेच टिपा आणि फडकं बादलीत बुडवा.

५. पाण्याची भरलेली बादली जवळ असू द्या. गोधडी टाकून फटाके विझत नाहीत, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन त्यांच्या दारूतच असतो. मात्र खोकंच पेटलं तर विझवत बसू नका. सगळ्यांना बाहेर काढा, १०१ लावा.

६. सादळलेले फटाके गच्चीत उन्हाला घालू नका. ओल लागलेली ॲल्युमिनियमची भुकटी आतल्या आत तापू शकते. थोडी ओल वाईट, भरपूर पाणी चांगलं: असे फटाके आणि न फुटलेले बार रात्रभर बादलीत बुडवून ठेवा. मग कचरा नेणाऱ्यांना सांगून वेगळे द्या.

उरलेले फटाके गावच्या पोरांसाठी पिशवीत घालून रेल्वेने नेण्याचा बेत असेल, तर तो सोडा. १९८९च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ नुसार त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.