जात, धर्म किंवा आजार पाहून घर नाकारले गेल्यास काय करावे: महाराष्ट्रातील कायदेशीर मार्ग

घर भाड्याने किंवा विकत देताना समोरच्याची जात, धर्म, अपंगत्व किंवा आजार पाहून नकार देण्याचा प्रकार आपल्याकडे इतका सरावाचा झाला आहे की, निमूटपणे दुसरे घर शोधणे हेच बहुतेकांना शहाणपणाचे वाटते. मुस्लिमांना घर विकत किंवा भाड्याने घेताना येणाऱ्या अडचणींची नोंद सच्चर समितीने २००६ मध्येच आपल्या अहवालात केली होती. तरीही सर्व प्रकारच्या भेदभावाला एकत्रित बंदी घालणारा कायदा देशात आजही नाही, आणि ही उणीव गंभीर आहे. जे संरक्षण आहे ते निरनिराळ्या कायद्यांत विखुरलेले असून त्यांपैकी आपल्याला कोणते लागू पडेल, हे नकार कोणी दिला आणि कोणत्या कारणासाठी दिला या दोन गोष्टींवर ठरते. त्यामुळे सर्वांत आधी या दोन्ही गोष्टींचा पुरावा हाती येईल असे पाहावे.

नकार बहुधा तोंडी आणि आडून येतो. आडनाव ऐकल्यावर एजंट "मालकांचा विचार बदलला" असे सांगतो, किंवा "कमिटीला चालत नाही" म्हणून फोन ठेवतो. अशा वेळी वाद न घालता त्याच दिवशी त्याला शांतपणे एक संदेश पाठवावा: "आज सकाळी आपण मला अमुक इमारतीतील फ्लॅट दाखवला. भाडे व अनामत रक्कम मला मान्य होती. नंतर आपण फोनवर सांगितले की, सोसायटी आमच्या समाजाच्या लोकांना घर देत नाही. हा निर्णय मालकांचा आहे की सोसायटीचा, हे कृपया कळवावे." उत्तर आले तर नकाराचे कारण आणि नकार देणारा, दोन्ही लेखी मिळतात, उत्तर आले नाही, तरी घटनेच्या दिवशीच केलेली नोंद आपल्याकडे राहते. तीच जागा नंतरही रिकामी असल्याची जाहिरात दिसली, तर तारखेसह तिचा स्क्रीनशॉट घ्यावा. मूळ संदेश किंवा रेकॉर्डिंग ज्या फोनमध्ये आहे तो फोन विकू नये किंवा रिसेट करू नये, कारण भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते आणि मूळ उपकरण हाती असले म्हणजे ते देणे सोपे जाते.

अनुसूचित जातीच्या व्यक्तीला जातीमुळे घर नाकारले गेले असेल, तर कायदा सर्वांत भक्कम आहे. संविधानाचे अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट करते आणि ते केवळ सरकारला नव्हे, तर खासगी घरमालकालाही बंधनकारक आहे. त्यावर आधारलेल्या नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ च्या कलम ४ मध्ये कोणत्याही वस्तीत निवासी जागा बांधणे, मिळवणे किंवा तिचा ताबा घेणे यांत अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी आणणे हा गुन्हा ठरवलेला आहे. याच कायद्याच्या कलम १२ कडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही, पण ते फार मोलाचे आहे: या कायद्याखालील गुन्हा ठरणारे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले असेल, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालय गृहीत धरते आणि तसे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येते. "जातीचा शब्दही काढला नव्हता" एवढ्यावर प्रकरण संपत नाही ते यामुळेच. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ नुसार सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणे, तसेच अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला घर किंवा गाव सोडायला भाग पाडणे, हे गुन्हे आहेत. २०१८ मध्ये जोडलेल्या कलम १८-अ मुळे या कायद्याखाली गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी आवश्यक नाही, त्यामुळे "आधी चौकशी करू, मग बघू" हे ठाणे अंमलदाराचे उत्तर स्वीकारू नये. ठाण्यात गुन्हा नोंदवून घेतला नाही, तर तीच तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी आणि त्यानंतरही दाद मिळाली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६ या क्रमांकावर आहे.

जात पंचायतीने किंवा समाजाच्या गटाने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकल्यामुळे राहणे अशक्य झाले असेल, तर महाराष्ट्राचा स्वतःचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. २०१६ चा हा कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू झाला असून त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तींसाठी २०१७ च्या कायद्याचे कलम ३ आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ च्या कायद्याचे कलम ३ घराचा थेट उल्लेख करते: राहणे, विकत घेणे, भाड्याने घेणे किंवा अन्य प्रकारे ताबा घेणे यांत भेदभाव करण्यास दोन्हींत मनाई आहे. एचआयव्हीबाबतची तक्रार राज्याने नेमलेल्या लोकपालाकडे करता येते, त्यावर ३० दिवसांत आदेश देणे अपेक्षित आहे, आणि कायदेशीर कार्यवाहीत आपली ओळख गुप्त ठेवण्याची मागणीही करता येते. भीतीपोटी गप्प बसलेल्यांनी ही तरतूद अवश्य लक्षात घ्यावी. अपंग व्यक्तींना २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचा आधार आहे आणि त्यांनी पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागावी.

धर्माच्या कारणावरून खासगी घरमालकाने दिलेल्या नकाराला मात्र थेट शिक्षा सांगणारी तरतूद नाही. अनुच्छेद १५ सरकारला भेदभाव करण्यास मनाई करते आणि त्याचे दुसरे उपकलम दुकाने, हॉटेले व सार्वजनिक ठिकाणांपर्यंत पोहोचते, पण कोणाच्या खासगी फ्लॅटपर्यंत नाही. एकट्या स्त्रिया, अविवाहित जोडपी आणि आहारावरून नाकारले जाणारे लोक यांचीही हीच अवस्था आहे. अशा प्रसंगी राज्य अल्पसंख्याक आयोगाकडे किंवा महिला आयोगाकडे तक्रार करता येते. परंतु अधिक उपयोगी ठरतो तो दुसरा प्रश्न, म्हणजे नकार खरोखर मालकाचा आहे की त्याच्या आड सोसायटी आहे.

सोसायटी सहकार कायद्याने बांधलेली असते आणि तिला मनमानी करता येत नाही. फ्लॅट भाड्याने देण्यासाठी सोसायटीची परवानगी लागते हा समज अजूनही पक्का आहे, पण २०१४ च्या आदर्श उपविधींनुसार (उपविधी म्हणजे सोसायटीचे अंतर्गत नियम, बायलॉज) सभासदाने आगाऊ लेखी कळवणे आणि कराराची प्रत देणे पुरेसे आहे. बाहेरचा भाडेकरू ठेवला म्हणून जबर रक्कम आकारून मालकाला नमवण्याचा प्रयत्नही टिकत नाही, कारण बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो तेव्हाचे शुल्क) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. कमिटीने "सर्वसाधारण सभेचा ठराव आहे" असे सांगितले, तर ठरावाची आणि नोंदणीकृत उपविधींची प्रत मागावी. ठराव म्हणजे उपविधी नव्हे. सहकार खात्याच्या निबंधकाने नोंदवल्याशिवाय उपविधीतील बदल अमलात येत नाही. येथे एक सावधगिरी हवी. गुजरातमधील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा नोंदणीकृत उपविधी वैध ठरवला. माझ्या मते या निकालाने मोठी हानी केली आहे, पण तो अस्तित्वात असल्यामुळे उपविधी प्रत्यक्ष वाचल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.

फ्लॅट विकत घेतल्यावर सोसायटी सभासद करून घेत नसेल, तर कागदोपत्री शिस्त फार कामाला येते. विहित नमुन्यातील अर्ज सर्व कागदपत्रांसह कार्यालयात द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का व सही घेऊन पोच मिळवावी. पोच देत नसतील, तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पोहोचल्याचा पुरावा जपावा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २२ नुसार सोसायटीने तीन महिन्यांत कोणताच निर्णय कळवला नाही, तर अर्जदार सभासद झाल्याचे मानले जाते आणि तसे जाहीर करून घेण्यासाठी उपनिबंधकांकडे जाता येते. कारण देऊन नकार आला, तर निर्णयाच्या तारखेपासून ६० दिवसांच्या आत कलम २३ खाली अपील करावे. पुरेशा कारणाशिवाय पात्र व्यक्तीला सभासदत्व नाकारता येत नाही, हे त्या कलमाचे सूत्र आहे. अपिलात भावनिक तपशिलापेक्षा तारखा, पोच आणि पत्रव्यवहार क्रमाने मांडावा.

आधीच राहत असलेल्या भाडेकरूला धर्म किंवा जात कळल्यावर हुसकावले जात असेल, तर नोंदणीकृत करार ही त्याची पहिली ढाल आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असते, आणि करार लेखी व नोंदणीकृत नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. मालकाने कुलूप बदलून परस्पर बाहेर काढले, तर विशिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मिळवण्याचा दावा करता येतो. कुलूप बदलल्याचे, सामान बाहेर ठेवल्याचे फोटो त्याच वेळी काढावेत आणि भाडे बँकेतूनच भरत जावे, म्हणजे ताबा होता याविषयी वाद उरत नाही.

वकिलाच्या खर्चामुळे यांपैकी कोणताही मार्ग सोडू नये. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, स्त्रिया आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. इतरांना तो उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा, आणि पहिल्या भेटीला संदेशांच्या छापील प्रती, पोच असलेला अर्ज व घटनाक्रमाचे एक पान सोबत न्यावे.