सीपॅपचा मास्क आधी सोफ्यावर लावा

सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र) घरी आलं की पहिल्याच रात्री मास्क चढवून आडवं व्हायचं आणि दोन वाजता वैतागून तो भिरकावून द्यायचा, असं बऱ्याच जणांचं होतं. माझंही झालं. मग आठवडाभर संध्याकाळी बातम्या बघताना मशीन चालू करून अर्धा तास मास्क लावून बसायचो. (बायको विचारायची, "विमान कधी उडणार?") जागेपणी चेहऱ्याला सवय झाली की झोपेतली झटापट कमी होते. मशीनमध्ये रॅम्प असेल तर तो चालू ठेवा, दाब एकदम न येता हळूहळू चढतो. ठरवून दिलेला दाब मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायचा नाही.

ठाण्याच्या पावसाळ्यात आणखी एक गंमत. एसी लावला की नळीत पाणी साचतं, गुडगुड सुरू होते आणि पहाटे नाकावर टपकन थेंब. मशीन उशीच्या पातळीपेक्षा खाली ठेवा, नळीला जुन्या ओढणीची खोळ शिवा, ह्युमिडिफायर (हवेला ओलावा देणारा मशीनचा भाग) एक आकडा खाली आणा. त्याच्या टाकीत डिस्टिल्ड वॉटरच घाला आणि उरलेलं रोज सकाळी ओतून द्या.

मास्कचे पट्टे करकचून आवळलेत तर हवा उलट जास्त गळते. ते आडवं होऊन, मशीन चालू असतानाच जुळवा.