पुण्यात राहून इंग्रजीतील भेदांचा अभ्यास कसा करावा

प्रदेशानुसार बदलणारी इंग्रजी आणि प्रसंगानुसार बदलणारी इंग्रजी हे दोन वेगळे प्रश्न आहेत. भाषाशास्त्रात पहिल्या भेदाला बोली आणि दुसऱ्याला प्रयुक्ती म्हणतात. एका वेळी यांपैकी एकच बदलू द्यावा आणि दुसरा स्थिर ठेवावा. पुण्यातल्या अभियंत्याचे बोलणे आणि लंडनमधल्या पत्रकाराचा लेख शेजारी ठेवला, तर दिसणारा फरक देशाचा आहे, व्यवसायाचा आहे की माध्यमाचा, हे कोणालाच सांगता येणार नाही. प्रसंगाचे वर्णन करताना भाषाशास्त्रज्ञ मायकेल हॅलिडे यांनी सांगितलेली तीन अंगे नोंदवावीत: विषय कोणता, बोलणाऱ्यांचे परस्परांशी नाते काय आणि माध्यम कोणते.

‘पुण्याची इंग्रजी’ असे लिहिण्याआधी ती कोणाची, हे ठरवावे लागते. हिंजवडीतल्या एकाच मजल्यावर नागपूर, पाटणा, कोची आणि सदाशिव पेठ एकत्र काम करत असतात. म्हणून प्रत्येक व्यक्तीचे बालपण कोठे गेले, घरची भाषा कोणती आणि शाळेचे माध्यम कोणते, एवढे तरी विचारून ठेवावे. माझ्या मते शेवटची नोंद सर्वांत मोलाची आहे आणि तीच बहुतेक प्रकल्पांत राहून जाते.

त्यानंतर ‘भारतीय इंग्रजीची वैशिष्ट्ये’ असा ऐसपैस विषय सोडून एकच लकब निवडावी. उदाहरणार्थ, ‘आय हॅव टू ब्रदर्स’ ऐवजी ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ म्हणणे. ही लकब किती वेळा सापडली, एवढेच मोजून भागत नाही. ती जेथे येऊ शकली असती अशा सर्व जागा मोजाव्या लागतात, म्हणजे ‘हॅव’ मालकी किंवा नाते सांगते ते प्रत्येक वाक्य. ‘आय हॅव सीन’ मधला ‘हॅव’ सहायक क्रियापद आहे, तो वगळावा. ‘आय ॲम हॅविंग लंच’ लंडनमध्येही म्हणतात, तेही वगळावे. ‘आय ॲम हॅविंग अ मीटिंग ॲट फोर’ येथे मात्र अडखळायला होते, कारण ठरलेल्या कार्यक्रमाबद्दल ब्रिटिश माणूसही असेच बोलतो. अशा वाक्यांचे काय करायचे, तो नियम मोजणीआधी वहीत लिहून सर्वत्र सारखा लावावा; निष्कर्ष सोयीचा यावा म्हणून मधेच नियम बदलण्याचा मोह नेमका याच जागी होतो.

सामग्री गोळा करण्याचा नामांकित नमुना अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव यांचा आहे. 1962 साली त्यांनी न्यूयॉर्कमधल्या तीन मोठ्या दुकानांत, चौथ्या मजल्यावर मिळणाऱ्या वस्तूची चौकशी करून 264 कर्मचाऱ्यांकडून ‘फोर्थ फ्लोर’ हे उत्तर मिळवले आणि ऐकू न आल्याचे भासवून तेच पुन्हा वदवून घेतले. महागड्या दुकानात या दोन शब्दांतल्या ‘र’ चा उच्चार जास्त आढळला आणि दुसऱ्यांदा, जपून बोलताना, तो आणखी वाढला. लक्ष्मी रस्त्यावर हा प्रयोग जसाच्या तसा करू नये. उत्तर ‘चौथ्या मजल्यावर, लिफ्ट तिकडे’ असेच येईल. येथे एकाच व्यक्तीचे इंग्रजी निरनिराळ्या प्रसंगांत मिळवणे अधिक फलदायी ठरते: वरिष्ठांशी, सहकाऱ्याशी आणि परदेशी ग्राहकाशी. ध्वनिमुद्रणासाठी लेखी परवानगी घ्यावी आणि कंपनीच्या गोपनीय मेलला हात लावू नये. फोन समोर ठेवताच माणसे जपून बोलू लागतात, त्यामुळे गप्पा चांदणी चौकातल्या वाहतुकीसारख्या विषयाकडे वळू द्याव्यात. उतारा वाचून घेणे उच्चारांच्या अभ्यासाला उपयोगी आहे, व्याकरणाच्या नाही.

लिखित इंग्रजीसाठी तयार संग्रह आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली 1978 मधल्या भारतीय इंग्रजी मजकुराचा सुमारे दहा लाख शब्दांचा संग्रह सिद्ध झाला. प्रत्येकी सुमारे 2000 शब्दांचे 500 नमुने, अमेरिकेच्या ब्राऊन संग्रहाच्या धर्तीवर निवडलेले. पण ब्राऊनमधला मजकूर 1961 चा आहे. त्यामुळे या दोहोंत दिसलेला फरक स्थळाचा की मधल्या सतरा वर्षांचा, हा प्रश्न प्रत्येक तुलनेत विचारावा. बोलण्याची तुलना हवी असल्यास ‘इंटरनॅशनल कॉर्पस ऑफ इंग्लिश’ या निरनिराळ्या देशांतल्या इंग्रजीच्या संग्रहाचा भारतीय भाग घ्यावा, त्याच्या आराखड्यात 500 पैकी 300 नमुने बोललेल्या इंग्रजीचे आहेत.

मोजणीनंतर टक्केवारी काढावी. समजा, मेलमध्ये 40 जागांपैकी 2 ठिकाणी ‘हॅविंग’ आले आणि गप्पांत 50 पैकी 15 ठिकाणी. म्हणजे 5 टक्के आणि 30 टक्के. परंतु त्या 15 पैकी 11 एकाच व्यक्तीचे असतील, तर तो प्रसंगाचा नव्हे, त्या व्यक्तीचा स्वभाव झाला. म्हणून व्यक्तिवार तक्ता आधी आणि एकूण बेरीज नंतर.

ही लकब मराठीमुळे आली, असे यावरून लिहिता येत नाही, कारण ती भारतात इतरत्रही ऐकू येते. तसे म्हणायचे असेल, तर तमिळ किंवा मल्याळम घरात वाढलेल्या, तितक्याच शिकलेल्या आणि त्याच प्रकारच्या नोकरीतल्या लोकांचे बोलणे त्याच तीन प्रसंगांत, त्याच नियमांनी मोजावे लागेल. आणि त्यासाठी चेन्नईला जाण्याची गरज नाही, हिंजवडीत पलीकडचे टेबल पुरते.