आइसलँडमध्ये कॅम्पर व्हॅनची शेगडी पेटते, पण पाणी उकळत नाही

लक्षण: स्कोगाफॉस धबधब्याजवळ किंवा मीवात्नच्या लाव्हाप्रदेशात पहाटे शेगडी नीट पेटते, मग पाचेक मिनिटांत ज्योत मंदावते. गॅसचा डबा मात्र अर्धा भरलेला.

जेट (गॅस सोडणारं बारीक छिद्र) साफ केला, तसलाच नवा डबा लावला, फरक शून्य. चौघांच्या चहाला अर्धा तास लागला की वैताग येतोच.

दोष शेगडीचा नव्हता. डब्यात निव्वळ ब्युटेन होतं. ते उणे ०.५ अंशाला उकळतं, त्याखाली डब्यातून वायू बाहेर पडण्याइतका दाब राहत नाही. शिवाय वापरताना डबा स्वतःच गारठतो, म्हणून बाहेर ५ अंश असले तरी ज्योत मरते.

आधी प्रोपेन मिसळलेला डबा घ्या. प्रोपेन उणे ४२ अंशाला उकळतं. डब्याचं तोंड शेगडीला बसतंय का, हे दुकानातच पाहा. रात्री डबा शेगडीपासून सोडवून गाडीत ठेवा. सकाळी, डबा नळीने जोडायची शेगडी असेल तर, पसरट भांड्यात २-३ सेंमी कोमट पाणी (हाताला सोसेल इतकंच, थर्मासमधलं चालतं) घेऊन डबा त्यात उभा करा, मगच पेटवा. पाणी गार झालं की बदला. वारा अडवायचा पत्रा डब्याभोवती कधीही गुंडाळू नका, डबा तापून फुटू शकतो. आणि बंद गाडीत शेगडी नकोच: तिच्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो.