एलेनी व्लाखूचं आयुष्य समजून घ्यायचंय? मग जन्मापासून सुरुवात करू नका

एलेनी व्लाखू म्हणजे ग्रीसमधली वृत्तपत्र चालवणारी बाई. आधी सर्चचं सांगते, कारण इथेच बरेच जण अडकतात. ग्रीकमध्ये बाईचं आडनाव बदलतं, वडील व्लाखोस तर मुलगी व्लाखू, आणि परदेशी पेपरांनी तिला हेलन व्लाखोस केलंय, त्यामुळे दोन्ही नावं टाकून शोधा नाहीतर अर्धं मटेरियल हातून जाईल.

आता वाचायला सुरुवात करा ती थेट २१ एप्रिल १९६७ पासून. त्या दिवशी अथेन्समध्ये लष्करातल्या कर्नल लोकांनी सत्ता हिसकावली, पेपरांवर सेन्सॉर बसवला, आणि या बाईने आपले दोन्ही पेपर, सकाळचा काथिमेरिनी आणि दुपारचा मेसिमव्रिनी, सरळ बंद करून टाकले. कुणी बंद पाडले नव्हते हं, उलट ते चालू राहावेत अशीच सरकारची इच्छा होती! इथे जरा थांबा. ती डावी वगैरे अजिबात नव्हती, पेपर पक्का उजव्या विचारांचा, म्हणजे कर्नलना वाटलं असणार ही तर आपलीच. हे लक्षात आलं नाही तर तिच्या नकाराचं वजनच कळत नाही. मला तरी तिच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो इथेच.

मग मागे जा. वडील गेओर्गिओस यांनी १९१९ मध्ये काथिमेरिनी काढला, आणि मार्च १९४१ मध्ये, जर्मन हल्ला तोंडावर असताना, हिटलरला उद्देशून पहिल्या पानावर खुलं पत्र छापलं. ते पत्र आधी वाचा आणि मग परत १९६७ ला या, घरातून काय आलंय ते आपोआप दिसतं. १९५१ मध्ये वडील गेले आणि पेपर तिच्याकडे आला.

पुढचा भाग सिनेमासारखा आहे पण त्यातच अडकू नका. एका इटालियन पेपरशी बोलताना तिने कर्नलांच्या राजवटीतला एक बडा नेता पात्ताकोस याला विदूषक म्हटलं, मग नजरकैद, आणि डिसेंबरात केस रंगवून खोट्या पासपोर्टवर लंडनला निसटली. खरं बघायचं ते लंडनमधलं काम, कारण तिथूनही साडेसहा वर्षं ती राजवटीविरुद्ध लिहीत बोलत राहिली.

टिपणं काढताना शेवटच्या तारखा शेजारी शेजारी ठेवा. १९७४ मध्ये राजवट कोसळली आणि सप्टेंबरात काथिमेरिनी पुन्हा छापून आला, १९८७ मध्ये तिने तो विकला. १९९५ मध्ये ती गेली, पेपर अजून निघतोय.